पडवीखालची गरम केबल

सुहास : तर काकी, तुम्ही सही केलीत, आम्ही पडवी खणली, जुनी केबल काढली, नवी घातली, पडवी पुन्हा सारवूनही दिली. सगळं छान झालं.

कमलाबाई : कदी?

सुहास : काल दुपारी. असं मी शीतगृहाच्या मॅनेजरसाहेबांना फोनवर सांगितलंय.

कमलाबाई : आनि मी काय करत होते तवा?

सुहास : तुम्ही आम्हाला चहा दिलात. खरं तर यातलं काहीच झालेलं नाही, ते आज करायचंय. हा कागद, हे पेन. साहेब उद्या दहा वाजता बघायला येतायत.

कमलाबाई : चहा नाय दिला मी. घरातली साखर संपलीय.

केरू : मला तर आठवतोय. गोड होता.

सुहास : केरूदादा, तुम्ही खणायला आलायत.

केरू : सही झाली की खणतो. गेल्या सालीबी मीच खणलं होतं.

सुहास : तेच विचारायचंय. नकाशात केबल अंगणातून होती. पडवीखाली कशी गेली?

केरू : अंगणात कातळ, पडवीखाली माती. पहार आत जाईल तिकडनंच केबल जाणार.

सुहास : आणि खोली? मी तीन फूट लिहिली होती.

केरू : लिहिली तुमी. खणली मी. एक हात.

कमलाबाई : माझी काय तक्रार नाय. पडवी उबदार झाली. भर पावसात आमसुलं बघ कशी वाळलीत.

सुहास : ती ऊब नाही काकी, ती चूक आहे. माझी.

कमलाबाई : तुझी कशी? खणलं तर यानं.

सुहास : शीतगृहाच्या मशिनी मोठ्या. म्हणून रस्त्यावरच्या डीपीपासून तिथपर्यंत तीन वेगवेगळ्या केबली टाकल्या, प्रत्येकीत एकच तार. जमिनीत घालायच्या म्हटल्यावर वरून चिलखत लागतं. आर्मर म्हणतात त्याला. मी लोखंडी तारांचं घेतलं.

कमलाबाई : मजबूत असतं की ते.

सुहास : असतं. साळिंदराला कुरतडता येत नाही. केरूदादांची पहार लागली तरी...

केरू : लागली. दोनदा. काय झालं नाय.

सुहास : पण एकट्या तारेभोवती लोखंड गुंडाळलं की वीज वाहताना ते लोखंडच तापत राहतं. तिन्ही तारा एकाच केबलीत असत्या तर चाललं असतं. एकेरी केबलीला ॲल्युमिनियमचं चिलखत लागतं, ते असं तापत नाही. हे पुस्तकात आहे. ते पान मी वाचलेलंही होतं.

कमलाबाई : मंग?

सुहास : खेडच्या दुकानात लोखंडी तयार होती. ॲल्युमिनियमची यायला तीन आठवडे लागणार होते. आता आंबा गार ठेवायला वीज निघते आणि वाटेत तुमची पडवी गरम करत जाते.

केरू : पडवीच नाय. डीपीपासनं सगळ्या वाटेवर कुत्री ओळीनं झोपलेली असतात. मी आज नकाशा बघितलाच नाय. कुत्री मोजत आलो.

सुहास : ऐका काकी. तापून तापून एक दिवस आतलं आवरण जळणार. मग शीतगृह बंद, आमरसाचे डबे नासले, माझी नोकरी गेली. आणि तुमच्या बुडाखाली जळकी केबल.

कमलाबाई : माझ्या नाय. तुळसाच्या.

सुहास : कोण तुळसा?

केरू : ही काय, शेजारची. पण तुमी दोघी तर बोलत नव्हता.

कमलाबाई : सहा वर्षं. आमच्या मधल्या दगडी कुंपणाचे, गडग्याचे, दोन चिरे इकडं का तिकडं, तेवढ्यावरनं. पावसात तिचे गुडघे धरतात. एक दिवस आपल्या कुत्र्याला न्यायला पडवीत आली, पाय टेकला आनि उभीच राहिली. म्हणाली, कमळे, हे काय गं. मी म्हटलं, बस. बसली. तवापासनं रोज दुपारी येते.

सुहास : मग बोलता काय?

कमलाबाई : चिरे सोडून सगळं. केबल गेली की तीबी जाईल.

(केरू जमिनीला तळहात लावून बघतो.)

केरू : चांगली तापते.

सुहास : मी तिला गरम पाण्याची पिशवी आणून देतो. माझ्या पैशानं.

कमलाबाई : पिशवी ती घरी घेऊन बसेल.

सुहास : मग नुसतं बोलवा की तिला. येईल.

कमलाबाई : चिरे सरकवले तिनं, आनि बोलवायचं मी?

केरू : ती म्हणते तुमी सरकवले.

कमलाबाई : तू खण बघू.

केरू : सही नाय झाली.

कमलाबाई : सही देते. मला काय कोणाची नोकरी घालवायची नाय. पण आधी माझा अर्ज लिही तुझ्या साहेबाला. कचेरीतल्या भाषेत लिही, दोनदा वाचायला लागेल असा.

सुहास : केबल ठेवायचा अर्ज साहेब काही झालं तरी मंजूर करणार नाहीत.

कमलाबाई : नको करू दे. एक प्रत मला ठेव. तुळसाला वाचता येतं.

सुहास : ... बरं. सांगा.

कमलाबाई : मी सांगते तसं नको लिहू. मी सांगते ते लिही.

केरू : मी तोवर चहा ठेवू?

कमलाबाई : साखर नाय सांगितलं ना. तुळसाकडनं माग. माझं नाव नको सांगू.

केरू : विचारलंन तर?

कमलाबाई : विचारलंन तर सांग.

सुहास : झालं लिहून. वाचतो. ‘मा. व्यवस्थापक यांस. उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या पडवीखालील केबल नियमानुसार बदलण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र श्रीमती तुळसा या ज्या ठिकाणी बसतात, तेथील दोन हात केबल कायमस्वरूपी चुकीचीच ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.’