पाच पोती तांदूळ

रेडिओचं कौतुक मला सांगू नका. नाइन-इलेव्हननंतर नोव्हाय गावात आमच्या शेजारी गॅरी राहायचा. त्याच्या गराजमध्ये दिवसभर एकच टॉक शो: सरकार खोटारडं आहे, संकटात कोणी येणार नाही, धान्य भरून ठेवा. आता वर्षाचं धान्य भरायला आपल्याला कोणी शिकवायला हवं का? मी देसी दुकानातून पाच पोती तांदूळ आणून आमच्या गराजमध्ये रचला, तर तासाभरात पोलीस दारात.

"सर, पोत्यांत काय आहे?"

"राइस."

फोन गॅरीनेच केला होता. गाठलाच त्याला. म्हटलं, "सरकारवर तुझा काडीचाही विश्वास नाही ना? मग पोलीस कशाला बोलावलेस?"

रेडिओ बारीक करून शांतपणे म्हणतो, "तुझ्यावर त्याहून कमी आहे."