संध्याकाळपर्यंतचा गारवा

सासू : (फोनवर) म्हणजे तुमच्या गारव्याच्या केंद्रात रात्रभर गार केलेलं पाणी वाया गेलं म्हणतेस?

सून : वाया नाही हो आई, ढवळलं गेलं. टाकीत गार पाणी तळाशी असतं, कोमट वर. मध्ये भिंत-बिंत काही नसते, म्हणून अगदी हळू सोडायचं असतं. पहाटे टाकी भरत आली आणि मी घाई केली. झडप सगळी उघडली, गार-कोमट एक झालं.

सासू : तू? आणि मला कढईत डाव हळू फिरवा म्हणून शिकवतेस!

सून : बोला, हक्क आहे तुमचा. पण आपल्या भागातल्या सगळ्या इमारती नळ्यांतून फिरणाऱ्या त्याच पाण्यावर गार राहतात. असंच चाललं तर भर दुपारी टाकी हात टेकेल.

सासू : अगं, घरात तुझे सासरे! ऑपरेशनचे टाके अजून ओले आहेत. उकाडा सोसायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय.

सून : म्हणून तर आधी तुम्हालाच फोन केला.

सासू : मग चालवा की यंत्रं आत्ता!

सून : दिवसा सगळ्या शहराला वीज लागते. आम्हाला मिळते ती इस्पितळ गार ठेवण्यापुरती. रात्री वीज मोकळी असते, तेव्हाच टाकी भरून घेतो.

सासू : बरं, रडकुंडीला येऊ नकोस. मी काय करू?

सून : मजल्यावर एकच घर गार ठेवायचं, बाकीची बंद. सगळ्यांनी तिथेच बसायचं. निरोप गेलाय सगळीकडे, पण कुणी मनावर घेत नाहीये.

सासू : निरोपाने कोण हलतंय! दारात जाऊन उभं राहावं लागतं.

सून : पण समोरच्या मास्तरीणबाईंशी तुमचं बोलणं नाही ना?

सासू : नाहीच. न बोलता हाताला धरून आणते. ठेव फोन.

(उन्हं कलल्यावर पुन्हा फोन.)

सून : आई, टाकी टिकली! आपल्या गल्लीची गार पाण्याची ओढ एकदम उतरली. काय केलंत काय?

सासू : पलीकडच्या इमारतीतही जाऊन आले. घसा बसलाय. आपल्या बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. मास्तरीणबाई पत्त्यांत लबाडी करतायत, तेही चालवून घेतेय.

सून : माझ्यामुळे तुम्हाला किती...

सासू : पुरे. चुकलीस ना? आता त्याचं लोणचं घालू नकोस.

सून : आणि बाबा? उकडत नाही ना त्यांना?

सासू : हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय. झोपताना पायांवर पांघरूण मागून घेतलं.