लांडगा आणि सुई

सरकारी दवाखान्यात रांगेतल्या खतिजाच्या कानावर मागच्या म्हाताऱ्या जोडप्याचं भांडण पडत होतं.

"उसाच्या बुडख्यानं पाय चिरला, आन तुमी त्यात मेंढीच्या लेंड्यांचा भुगा दाबला?"

"भामे, लांडग्यानं मांडी फाडली तवा बी ह्योच भुगा दाबलावता."

"शेणालेंडीतच धनुर्वाताचं बी असतं. नर्सबाईनं जखम धुतली, आता सुई घ्या."

"लांडग्याच्या हातात सुई नव्हती. चल घरी."

"आवो, जबडा बसतो त्यात. तोंड उघडत न्हाय."

"चाळीस वर्सं तूच म्हणतीस की, तोंड मिटा म्हणून."

"म्हणते. पन खरंच मिटलं तर मला थापा कोण मारंल?"

म्हाताऱ्यानं बाही वर सरकवली. खतिजा बाजूला सरली.

"आबा, माझ्या आधी तुमी जावा."

"जातो, पोरी. भामे, हात धर. लांडग्याच्या येळंला बी तूच धरलावतास."

"तवा आपलं लगीन बी झालं नव्हतं!"

"मग आता धर."