टॉवेलात बुडालेलं बदक

हॅलो?… कोण?… अगं, तू होय. मला वाटलं परत तो विम्यावाला… कुठे पोचलीस?… अजून पुलावरच? म्हणजे बस पुढेही जात नाही, मागेही येत नाही… हो, हो… अगं ऐक ना आधी. इकडे पोहण्याच्या बाई आल्यात… त्याच गं, लहान मुलांना पोहायला शिकवतात त्या. टॉवेल न्यायला… हो, आत्ता. बाहेरच्या खोलीत बसल्यात. चहा दिलाय.

नाही, उठून जात नाहीत त्या. मी गोष्ट सुरू करून ठेवलीय… तुझे आजोबा समुद्रात खडकावर बसून डबा खात होते आणि तो खडक निघाला देवमासा, ती… हो, हीच. ऐनवेळी फोन वाजला बघ. देवमाशाने नुकताच श्वास सोडलाय, आजोबा वर हवेत आहेत. ते खाली आल्याशिवाय बाई हलायच्या नाहीत.

पण एका टॉवेलावर बदक काढायचं राहिलंय ना… माहीत आहे, तू येऊन करणार होतीस. पण तू पुलावर. मी करते, तू सांगत जा… आईला कशाला फोन? ती कामावरून आली आणि ऑर्डर अपुरी दिसली, की तुझं भरतकामाचं मशीन गेलंच दुकानात परत. काल काय म्हणाली? ही पहिली ऑर्डर धड गेली नाही, तर जेवायचं टेबल मला मोकळं करून द्या… रडू नकोस गं. बसमध्ये लोक बघतात. सांग मला.

अगं, एकदा करून पाहिलंय मी… छे, त्या टॉवेलावर कसं करीन? माझ्या अंघोळीच्या टॉवेलावर. हिरवं बटण दाबलं की चालू, एवढं येतं मला. पण बदक बुडालं… बुडालं म्हणजे बुडालं. टॉवेलाची ती लव असते ना, तिच्यात टाके खाली खाली गेले. चोच तेवढी वर. डोळा कुठे गेला, देवाला ठाऊक. पोहण्याच्या बाईंच्या हातात बुडालेलं बदक कसं द्यायचं, सांग बरं.

खाली?… खाली तो कागद लावला होता. टर्रकन फाटतो तो… तोच लावायचा? मग माझं कुठे चुकलं?… नाही, नाही, दुसरा कापडासारखा आहे तो नाही घेतला. तो फाटता फाटत नाही… टी-शर्टाला होय. आणि या सगळ्यालाच तू स्टॅबिलायझर म्हणतेस. मी सकाळी फ्रिजमागे बघून आले, तिथे नुसती धूळ.

वर काय लावलं म्हणजे?… वर पण लावायचं असतं?… थांब, थांब, सावकाश. खाली कागद. त्यावर टॉवेल. टॉवेलावर आणखी एक… म्हणजे लव दाबून धरायला. हां… म्हणजे टाके वर तरंगतात. आत्ता कळलं… कसं असतं ते?… पातळ… आरपार दिसणारं… रोल होता, टेबलाच्या कडेला…

…आहे गं, ऐकतेय.

पाणी लागलं की विरघळतं?

अगं, तुला सकाळी मी काय सांगत होते, आठवतंय?… हो, कलिंगडाचंच. कापलेल्या कलिंगडावर मी ते प्लॅस्टिक ताणून लावलं आणि ते डोळ्यांदेखत नाहीसं झालं. तू काय म्हणालीस? आजी, सकाळी सकाळी थापा नकोत. तुझी आई चप्पल घालत होती, ती हसली सुद्धा नाही… मी सांगत होते ना तुम्हाला.

किती उरलंय?… काही नाही… अगं, एक थर गेला की मी दुसरा लावत होते. मला वाटलं, माझ्याच हाताने नीट लागत नाहीये… सगळा, हो. पुठ्ठ्याची नळी आहे, हवी तर… तुझ्या आईने दोन फोडी खाल्ल्या. कलिंगड आज गिळगिळीत आहे म्हणाली. तिला काही होणार नाही ना?… बरं. मग तिला सांगायचं नाही.

…हो बाई, आलेच. आजोबा अजून हवेतच आहेत.

ऐक. मी म्हणते, टॉवेलाचं कलिंगडावर गेलं, तर कलिंगडाचं टॉवेलावर का नाही?… ते स्वयंपाकघरातलं गं, भांड्यांवर लावायचं. तेही पातळ, तेही आरपार… विरघळत नाही ते माहीत आहे. मग ओढून काढीन… अडकलेले तुकडे चिमट्याने वेचीन. हनुवटीचे केस वेचते मी त्याने, प्लॅस्टिक काय मोठं… आहे का दुसरा उपाय? नाही ना? मग झालं.

लावला कागद. टॉवेल. वर प्लॅस्टिक… रिंग घट्ट केली… खालचा दोरा? बॉबिनमध्ये पांढरा आहे… का, पांढरा का नको?… हां, टॉवेल दोन्हीकडून दिसतो. मग पिवळी बॉबिन. पिवळ्या दोन आहेत. एक जाडी, एक बारकी… कारण मी आवरलं काल. तुझ्या डबीतल्या आणि माझ्या जुन्या मशीनच्या, सगळ्या एकत्र ठेवल्या… छान दिसतं ना एका डब्यात… जाडी बसत नाहीये… ढकलली नाही गं. जरा समजावलं तिला… काढली, काढली. बारकी… टक झालं. बसली.

दाबू हिरवं?… दुसरं टोक? कुठलं दुसरं टोक?… टॉवेलाचं… थांब, बघते खाली… अगं बाई, दुमडून सुईखालीच गेलं होतं. पिशवीच झाली असती टॉवेलाची. बरं विचारलंस… आता दाबते. फोन टेबलावर ठेवतेय, ऐकतेस ना?… खडखड करतंय, बरोबर?… अंग झालं… चोच… मध्ये बोलू नकोस, डोळा येतोय…

थांबलं.

ओढतेय प्लॅस्टिक… निघालं… चोचीपाशी एक तुकडा… निघाला… कागद फाडला… अगं, तरंगतंय. डोळा वर आहे. बघतंय माझ्याकडे.

…या ना बाई, आत या. हे बघा शेवटचं… हो, मागूनही पिवळंच… काय म्हणता? मोठ्या मुलांच्या वर्गालाही हवेत?… ऐकलंस का गं? मोठ्या मुलांच्या वर्गालाही… नाही, आता का रडतेस?… हो, आईला बाईंच्याच तोंडून ऐकू दे. जिन्यावर तिची चप्पल वाजतेय.

काय बाई?… बदक इतकं वर कसं राहतं? ते गुपित आहे हो, पण तुम्हाला सांगते. एक प्लॅस्टिक असतं, पाणी लागलं की नाहीसं होतं. सकाळी कलिंगडावर लावलं आणि…

हसतायत गं या. म्हणतात, आजी, देवमाशापर्यंत ठीक होतं.

अगं, तू सांग ना यांना. थांब, स्पीकर मोठा करते. सांग, खरंच असतं ना तसं प्लॅस्टिक… हॅलो?… बस सुटली वाटतं… हॅलो?… अगं, एवढं एक वाक्य बोलून मग जा ना… हॅलो?