खालच्या घरातली झोप

आई गेल्यावर रिकाम्या झालेल्या तिच्या खोलीला लावायला कुलूप हवं होतं, म्हणून ती दुकानातल्या रांगेत उभी होती. पुढे एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची नणंद.

"जाड रबर दाखवा. अहो, याहून जाड."

"वहिनी, मशीनखाली सतरंजी घातलीस ना? मग आता हे कशाला?"

"मशीन नव्हतंच ते, वन्सं. खालच्या आजी दचकून उठतात, ते माझ्या कात्रीने."

"कात्रीने? कुणी सांगितलं तुला?"

"आजींच्याच खाटेवर जाऊन पडले. वर ह्यांना म्हटलं, माझ्यासारखं काम करा. मशीन नुसतं घुमतं हो. पण कापड बेतताना मी कात्री जमिनीवर टाकते ना, ती डोक्यात धोंडा पडावा तशी वाजते."

"आजारी माणसाच्या खाटेवर झोपलीस! धन्य आहे बाई तुझी."

"वरून कसं कळणार मग? आता बेतायची सगळी जागा रबराने मढवणार."

"गिऱ्हाइकं हसतील."

"हसू देत. फक्त हळू हसा म्हणावं."

"पण आजी आता किती दिवसांच्या सोबती? डॉक्टरांनीही हात टेकलेत. त्या गेल्या की काढशीलच ना?"

"नाही काढणार. मग त्यांची लेक झोपेल. वर्षभर डोळ्याला डोळा लागलेला नाही तिचा."

नणंदेने रबराचं दुसरं टोक हातात धरलं.

"ताण नीट. कोपऱ्यापर्यंत पुरायला हवं."

दोघी गेल्यावर दुकानदाराला दोनदा विचारावं लागलं,

"ताई, तुम्हाला काय हवं होतं?"