आक्काबाईचं खरं ठरलं

— न्हाई न्हाई, खाली नको बसूस, धड वाकता येत न्हाई तुला, त्या बाजेवर बस. आन तू कशापाई आलीस ते मला ठावं हाय. अंबूबाईनं धाडली न्हवं? सासू हाय तुजी, दुसरं कोन धाडनार! म्हनली आसंल, जा, आक्काबाईच्या तोंडानं ऐक दवाखान्यात गेलं की काय हुतं ते. मान हलव नुसती, लाजू नको. पोर पोटात आडवं हाय म्हनली ना ती गावात येनारी नरसबाई? पुन्याला न्या म्हनली? आन तुजी सासू म्हनली, त्या आक्काबाईची नात बघा आन मंग बोला. — लई मोठी झाले बघ मी या पिंपरीत! आधी मला कोन कुत्रं इचारत न्हवतं, पाटलाच्या घरी लगीन निघालं की मला कांदं चिरायला बशिवत. आता कुनाची सून पोटुशी ऱ्हायली की आधी देवाला नारळ, आन मंग आक्काबाईकडं. का? तर आक्काबाईचं खरं ठरलं!

काय खरं ठरलं, ते तरी ऐक. माझी सून शालन गरवार हुती तवाची गोष्ट. माझा ल्योक हिंदुराव तवा नुकताच त्या पेनिशिलीनच्या कारखान्यात लागला हुता — बाटल्या धुवायच्या खात्यात, दुसरं न्हाई काय, पन घरी आला की बोलनं असं, जनू औषध यानंच शोधलंय! आई, आमच्या औषधानं हे बरं हुतं, आई, आमच्या औषधानं ते बरं हुतं. तो म्हनला, शालनचं बाळंतपन पुन्याच्या दवाखान्यात. म्या म्हनलं, न्हाई. म्हनला, का न्हाई? आता माझी कारनं ऐक, आन हसू आलं तर हास, मलाबी येतं. एक म्हंजी लोखंडी खाट — लोखंडावर बाळंतीन निजली की लोखंड तिच्या अंगातली ऊब पिऊन टाकतं. दुसरं, भिंती पांढऱ्याफेक, नजर ठरायला कुटं जागा न्हाई. आन तिसरं तो फिनेलचा वास. म्या म्हनलं, अरं, रोगच नसंल तर येवढा वास कशाला सोडत्याल? दवाखान्यात रोग ऱ्हातो, आपुन आपल्या पायानं त्याच्या घरी जायचं का? — हे माझं ग्यान! आन यातलं एक वाक्य, आंधळ्यानं दगड मारावा आन आंबा पडावा तसं, खरं निघालं. पन आंबा पडला म्हनून आंधळ्याला डोळं येत न्हाईत, पोरी.

ल्योकानं ऐकलं न्हाई, गेलो मंग. पोरगी झाली, ही वच्छी. — अगं, तिला घेऊ दे तुजा पदर, तोंडात घालंल आन सोडंल. — तर तितली तऱ्हा अशी, की बाळं आयांपाशी न्हाईत, एका खोलीत सगळी वळीनं, पाळन्यात. आन मी आजी, मला राहवतंय व्हय? नरसबाई पाठमोरी झाली तशी मी आत शिरले, काजळाची डबी काढली कनवटीची, म्हनलं आपल्या पोरीला तीट लावावी, आन दुसरी बिचारीबी तशीच पडल्यात, त्यांनाबी लावावी, पुन्य लागंल. बोट काजळात बुडवलं, वच्छीच्या गालाशी नेलं — आन मागनं अशी वरडली ती नरस, माझं बोट तितंच हवेत! हाताला धरून भाईर काढली मला, सगळ्या बाळंतिनींच्या देखत. म्या जाता जाता बोट तिच्याच पांढऱ्या झग्याला पुसलं. व्हय, पुसलं. राग आला की मी पोरासोरांच्याबी वरताण.

आन मंग घरी न्यायच्या आदल्या दिशी वच्छीच्या मानंखाली येक फोड. मोहरीयेवढा, पिवळा. म्या म्हनलं, बघा, माझं काजळ लावलं आसतं तर! दुसऱ्या दिशी बगलंत दोन, जांगंत चार, आन अंग असं तापलं, की पदरातनं चटका लागत हुता. शेजारच्या पाळन्यातल्या पोराला तसंच. त्याच्या पलीकडच्यालाबी. हिंदुराव ताठच! म्हनला, काय न्हाई आई, आमचं औषध टोचलंय, उद्याला बघ. उद्याला वच्छीची मांडी सुजली. परवाला पाय हलवीना, हात लावला की अशी किंचाळायची की मी कानात बोटं घालायची. तो डाक्टरीनबाईंम्होरं उभा राह्यला आन म्हनला, बाई, बाटलीत पानी आसंल, आमच्या कारखान्याचं औषध लागत न्हाई आसं हुयाचंच न्हाई. बाई लहानशी हुती, तुज्यायेवढी, डोळं लाल. म्हनली, "औषध चांगलंच आहे. पण हे जंतू त्याला सरावलेत. आणि हे तुमच्या घरून आलेले नाहीत, आमच्या इथेच, याच खोलीत लागलेत. आमच्याच कुणाच्या तरी हातातून."

आसं म्हनली. सोताच्या तोंडानं. मी तर भांडायला पदर खोचून उभी हुते, आन ती म्हनती आमचंच चुकलं! आता कुनाशी भांडू? सगळी तयारी फुकट गेली माझी.

मंग त्यांनी काय केलं, तर सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या. हसू नको, खरं सांगते — टोकाला कापूस लावलेली काडी. नरसा, आया, झाडूवाली, सोता बाई, आन खोलीत शिरलेली म्हनून मीबी! म्हनं काही मानसांच्या नाकात हे जंतू ऱ्हात्यात, मानूस धडधाकट, त्याला काय बी न्हाई, पन नाकाला लावलेला हात बाळाला लागला की झालं. माझं नाक साफ निघालं बघ. तवापास्नं मी हिंदुरावाला सांगत आसते, तुज्या बापानं जन्मभर माझ्या नाकाला नावं ठेवली, पन पुन्याच्या डाक्टरनं पास केलंया! — आन ती काजळवाली नरस, तिच्या नाकात निघालं. तिला भाईरच्या वऱ्हांड्यात बशिवली. म्या मनात म्हनलं, बरी जिरली. पन ती रडत हुती गं. आवाज न करता, तोंडात रुमाल कोंबून. तिनंच माझं बोट अडवलं हुतं, पोरं वाचवायला. म्या तिला पानी नेऊन दिलं.

शेजारचं पोर गेलं. त्याची आई तर — न्हाई, ऱ्हाऊ दे ते. तू नको ऐकू, तुज्या पोटात हाय.

वच्छीसाठी दुसरं औषध बाईंनी मुंबईहून मागवलं, मांडी कापून पू काढला. हळूहळू ताप उतरला, आन एका सकाळी शालनच्या छातीला आशी लागली, जनू मधी काही झालंच न्हाई. वाचली. पाय मातुर आखूड ऱ्हायला, हाडाला लागलं हुतं ना. बघ की, चालती कशी, तमाशातल्या सोंगाड्यावानी. आता ती पडत न्हाई. मी तिच्यामागं धावते आन मी पडते.

आन गाव काय बघतं? पाय बघतं. म्हनतं, आक्काबाई म्हनली हुती. भिमाजीची बायको आली, तिला म्या हेच सांगितलं, तर ती भाईर जाऊन म्हनली, आक्काबाई म्हनती दवाखान्यात नाकात काड्या घालत्यात! शालनचं काय झालं, ते कुनी इचारतच न्हाई. काय झालं? वच्छी झाली आन रगत थांबंना. गादी भिजली, खाटंखाली थेंब थेंब, तीच माझी लोखंडी खाट! बाईनं सुया टोचल्या, मूठ घालून दाबून धरलं, कुनाचं तरी रगत बाटलीतनं तिच्या अंगात सोडलं. ती बघ, अंगनात दाळ निवडती ती. ती गावाला दिसत न्हाई. जित्या मानसाची गोष्ट कोन सांगतं?

आन घरी केलं आसतं तर? तू ज्या बाजेवर बसलीस ना —

न्हाई, उठू नको. बाज नवी हाय, जुनी म्या जाळली. माझी सावित्री हुती, हिंदुरावाच्या वरची. लगीन झालं, पहिल्या खेपंला माह्यारी आनली. तुज्यासारखंच, पोर आडवं. सुईन हुती, मी हुते, पार शेवटाला भगत आनला. पुन्याला दवाखाना तवाबी आसंल, पन तो सायबाचा, आमच्यासारख्यांचा न्हाई, आसं आमीच ठरवलं हुतं. ती म्हनायची, आई, मला कुटंतरी न्या गं. कुटंतरी न्या. मी म्हनायची, व्हय बाई, नेऊ, नेऊ. आन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. कुटं नेनार हुते? कुटंतरी म्हंजी कुटं? —

— हे मी कुनाला सांगत नसते. तुला कशाला सांगितलं, काय ठावं.

आता कुटंतरी हाय. वंगाळ हाय, लोखंडाचं हाय, तितं रोगबी हाय, आन तितल्या बायका सोता तसं सांगत्यात. पन हाय. तू जा. पोराला घेनाऱ्या परतेकीला आधी हात धुवायला लाव, नरस आसू दे न्हाईतर डाक्टर, भांड, माझं नाव सांग. आन अंबूबाईला म्हनावं, आक्काबाईनं सांगितलं, गाडी जुंपा. इस्वास न्हाई ठेवनार ती, म्हनंल म्हातारी चळली. चळली तर चळली. ऊठ, अशी बघत बसू नको माझ्याकडं. ऊठ म्हनते ना.