कव्हरखालची स्कूटर

डांबराचं एक असतं बघा, ते कुणासाठी थांबत नाही. गार झालं की दगड. विश्रांतवाडीत एका कॉम्प्लेक्सच्या पार्किंगचं काम घेतलं होतं मी. गरम मालाचा डंपर दारात उभा, आणि पार्किंगच्या मधोमध, दिव्याच्या खांबाला साखळीनं बांधलेली एक स्कूटर. वर धुळीनं माखलेलं कव्हर.

सगळ्यात जास्त तापले तिथले टेलर शब्बीरभाई. इथल्याच खड्ड्यात पडून त्यांचा पाय मोडला होता, म्हणून डांबरीकरणासाठी दोन वर्षं अर्ज त्यांनीच केले होते. दुकानादुकानात विचारून आले आणि ओरडले, “कोण बेजबाबदार माणूस आहे हा? कापा ती साखळी!”

आम्ही आधी कव्हर ओढलं. शब्बीरभाईंनी वाकून नंबर प्लेट बघितली. मग हळूच म्हणाले, “कापू नका.” आणि दुकानाच्या जुडग्यातून किल्ली काढली. पडल्यापासून ते रिक्षानंच यायचे, गाडी विसरूनच गेले होते.

दोन दिवसांनी बघतो तर दुरुस्त केलेल्या स्कूटरवरून नव्या डांबरावर त्यांची तिसरी फेरी चाललेली.

मी म्हटलं, “भाई, लावा आता कुठेतरी.”

“अहो, दोन वर्षं लावलेलीच होती की!”